ह्वा : एका अक्षराचं कुळवृत्त

१ जुलै १९९७ ला हाँगकाँग ब्रिटिशांकडून चीनकडे गेलं, तेव्हा तिथल्या राजकारणात दोन माणसं दोन टोकांना उभी होती. एक तुंग ची-ह्वा. जहाजमालक घराण्यातले, बीजिंगच्या विश्वासातले, हाँगकाँगचे पहिले मुख्य कार्यकारी. दुसरे सेतो वा. शिक्षक संघटनेतून राजकारणात आलेले आणि तियानआनमेन चौकात १९८९ साली मारल्या गेलेल्यांची आठवण जागी ठेवण्यासाठी वर्षानुवर्षं झटलेले. इंग्रजी वर्तमानपत्रं वाचणाऱ्याला या दोन नावांत काही साम्य आहे अशी शंकाही येत नसे, कारण एकाच्या शेवटच्या भागाचं स्पेलिंग ‘एच’ने सुरू होणारं, तर दुसऱ्याच्या ‘डब्ल्यू’ने. चिनी वाचकाला मात्र दोन्ही नावांच्या शेवटी एकच अक्षर दिसायचं. उच्चार तेवढे आपापल्या बोलीचे.

हेच अक्षर इतर अनेक नावांत दडलेलं आहे. अभिनेता आणि गायक अँडी लाउचं कँटनी नाव लाउ ताक-वा, त्यातला ‘वा’ हाच. हुआवेई कंपनीतला ‘हुआ’ हाच, शिन्ह्वा वृत्तसंस्थेतला ‘ह्वा’ हाच. व्हिएतनाममध्ये चिनी वंशाच्या लोकांना ‘होआ’ म्हणतात, तो शब्द यातूनच आला. कोरियन लोक ते ‘ह्वा’ असं वाचतात, जपानी ‘का’ असं, आणि काही जुन्या बौद्ध शब्दांत ‘के’ असं. मराठी वर्तमानपत्रं बहुधा ‘हुआ’ लिहितात. मी इथे ‘ह्वा’ लिहितो. मूळ उच्चार एकाच अवयवाचा आहे, शिवाय ‘हुआ’ वाचलं की आपल्या डोक्यात हिंदी सुरू होतं.

उच्चाराची आणखी एक भानगड आहे. चिनी भाषेत सूर बदलला की शब्द बदलतो, आणि या अक्षराला मानक चिनीत तीन सूर लागू शकतात. जुन्या ग्रंथांत फूल या अर्थी ते आलं, तर वरच्या पट्टीत सपाट म्हणायचं. तेज, वैभव किंवा चीन देश या अर्थी आलं, तर आपण “हो?” असं विचारताना आवाज चढवतो तसं चढवायचं. आडनाव असेल किंवा पर्वताचं नाव असेल, तर आवाज झटक्यात खाली आणायचा. लिहिताना मात्र तिन्ही ठिकाणी खूण एकच. देवनागरीत जसं लिहिलं तसं वाचायची सवय झालेल्या आपल्याला हे गैरसोयीचं वाटेल. नाव ठेवणाऱ्यांना मात्र ही गैरसोय फार सोयीची पडलेली आहे.

सुरुवात फुलापासून करू. काशाच्या प्राचीन भांड्यांवर कोरलेल्या लेखांत या अक्षराचं जुनं रूप सापडतं. एक झाड, आणि त्याच्या फांद्यांवरून दोन्ही बाजूंना लवलेला बहर. पुढे त्याच्या डोक्यावर वनस्पती दाखवणारं गवताचं चिन्ह आलं, खालचा बहर आडव्या-उभ्या रेघांच्या जाळीत बसला, आणि आज पारंपरिक लिपीत दिसतं ते रूप तयार झालं. इसवी सन १०० च्या सुमाराला शू शन नावाच्या विद्वानाने चिनी अक्षरांचा पहिला मोठा व्युत्पत्तिकोश रचला. त्यात या अक्षराचा अर्थ बहर, भरभराट असा दिला आहे. म्हणजे तोवर अर्थ फुलावरून फुलण्याकडे सरकला होता. मग त्याला तेज, शोभा, उत्कर्ष हे अर्थही चिकटत गेले.

एका अक्षराने किती ओझं वाहायचं? हजार-दीड हजार वर्षं तेच अक्षर फुलासाठीही वापरलं गेलं आणि वैभवासाठीही. मग इसवी सनाच्या चौथ्या-पाचव्या शतकांच्या आसपास फुलासाठी एक नवं, सोपं अक्षर वापरात आलं : वर गवताचं चिन्ह, आणि खाली ध्वनी सांगणारं ‘बदलणे’ या अर्थाचं दुसरं एक अक्षर. हे नवं अक्षर त्याआधीच्या ग्रंथांत आढळत नाही, हे सतराव्या शतकातल्या गू यान-वू या चिकित्सक पंडिताने नोंदवून ठेवलं आहे. बाजारात, बागेत, बोलण्यात हळूहळू नवं अक्षर रुळलं. थोरल्या अक्षराकडे फूल हा अर्थ उरला तो साहित्यापुरता, धर्मग्रंथांपुरता आणि नावांपुरता.

धर्मग्रंथांपुरता म्हणतो ते आपल्याशी संबंधित आहे. भारतीय वडील आणि कुचा राज्यातली राजकन्या आई यांचा मुलगा कुमारजीव याने इसवी सन ४०६ मध्ये चांगआन इथे ‘सद्धर्मपुंडरीक’ सूत्राचं चिनी भाषांतर केलं. पूर्व आशियात सर्वांत जास्त वाचल्या गेलेल्या बौद्ध ग्रंथांपैकी हा एक. पुंडरीक म्हणजे शुभ्र कमळ. आपल्या पंढरीच्या पुंडलिकालाही संस्कृत स्तोत्रांत पुंडरीकच म्हटलेलं आहे. या पुंडरीकासाठी चिनी शीर्षकात ‘ल्येन-ह्वा’ असा शब्द आला, आणि तो आपल्या थोरल्या अक्षराने लिहिला गेला. पुढे सगळ्या चीनने कमळ लिहिताना धाकटं अक्षर घेतलं, तरी सूत्राच्या नावात थोरलंच राहिलं. ‘अवतंसक’ सूत्राचंही तसंच. अवतंसक म्हणजे फुलांचा अलंकार, म्हणून चिनीत ‘ह्वा-येन’, जपानीत ‘केगोन’. जपानमधल्या नारा शहरातलं तोदाइजी हे विख्यात मंदिर याच केगोन पंथाचं.

आता चीन. चिनी लोक आपल्या प्राचीन संस्कृतीला ‘ह्वाशिया’ म्हणतात. हा जोडशब्द फार जुना आहे. त्याचं स्पष्टीकरण सातव्या शतकातल्या खोंग यिंग-ता या भाष्यकाराने असं दिलं : आचारविधींच्या थोरवीमुळे ‘शिया’, आणि वस्त्राभूषणांच्या सौंदर्यामुळे ‘ह्वा’. म्हणजे जे लोक नीटनेटके, सजलेले, सुसंस्कृत, ते ह्वा. बाहेरचे ते रानटी हे त्यात न बोलता आलंच. स्वतःचं कौतुक करणारी भाष्यं सगळ्याच संस्कृतींकडे असतात, त्यामुळे या खुलाशावर किती विसंबायचं हे ज्याचं त्याने ठरवावं. १९०७ साली चांग पिंग-लिन या क्रांतिकारक पंडिताने दुसरं मत मांडलं. ‘ह्वा’ हे मुळात ह्वाशान पर्वतावरून आलेलं स्थळवाचक नाव आहे, आपले पूर्वज त्या परिसरात राहिले म्हणून ते ह्वा, असं त्याचं म्हणणं. शान्शी प्रांतातला हा पर्वत २,१५४ मीटर उंच आहे, आणि त्याची शिखरं लांबून फुलाच्या पाकळ्यांसारखी दिसतात म्हणून त्याला हे नाव पडलं असं सांगतात. ते खरं धरलं तर वळसा घेऊन आपण पुन्हा फुलापाशीच येतो.

चांगच्या त्या निबंधाचा विषय होता ‘चोंग-ह्वा’ प्रजासत्ताक, आणि १९१२ साली नवं प्रजासत्ताक त्याच नावाने जन्माला आलं. १९४९ मध्ये माओंनी स्थापन केलेल्या राज्यानेही तोच शब्द ठेवला. चीनसाठी चिनी भाषेत दोन शब्द आहेत : ‘चोंगक्वो’ म्हणजे देश, आणि ‘चोंगह्वा’ म्हणजे देशाबरोबर संस्कृती, वंश, वारसा असं सगळं. ऑलिंपिकमध्ये तैवानचा संघ ‘चायनीज तैपेई’ म्हणून उतरतो. इंग्रजीत वाद मिटला, पण त्या ‘चायनीज’चं चिनी भाषांतर काय करायचं? बीजिंगला पहिला शब्द हवा होता, तैपेईला दुसरा. १९८९ साली दोन्ही बाजूंनी दुसरा मान्य केला. मुत्सद्देगिरीत इतक्या बारीक फटी कामाला येतात.

अशा अक्षराचं नावांत काय होतं ते पाहण्यासारखं आहे. चिनी नावात आधी आडनाव, मग एक किंवा दोन अक्षरांचं व्यक्तिनाव. नावांची ठरावीक यादी नसते. भाषेतलं जवळपास कोणतंही अक्षर घेऊन आईबाप नाव रचू शकतात, आणि म्हणून प्रत्येक अक्षराच्या अर्थाकडे बारकाईने पाहिलं जातं. जुन्या काळी ‘ह्वा’ बायकांच्या नावात शोभायचं. पहिल्या शतकातल्या हान सम्राट ग्वांग-वूची राणी यिन ली-ह्वा. ‘ली-ह्वा’ म्हणजे देखणी, बहरलेली. सम्राट होण्याआधी त्या तरुणाने म्हणे दोनच इच्छा बोलून दाखवल्या होत्या : नोकरी करायची तर राजधानीच्या रक्षक दलाच्या प्रमुखाची, आणि बायको करायची तर यिन ली-ह्वा. नोकरीच्या बाबतीत तो बराच पुढे गेला. ली-ह्वा हे नाव आजही चिनी बायकांत सर्रास आढळतं.

विसाव्या शतकात या अक्षरात देश शिरला आणि पुरुषांचीही नावं त्यावर संपू लागली. च्येन-ह्वा, म्हणजे चीन उभारणारा. चन-ह्वा, चीनचा उत्कर्ष करणारा. आय-ह्वा, चीनवर प्रेम करणारा किंवा करणारी. तुंग ची-ह्वा हे याच ‘च्येन-ह्वा’चं प्रादेशिक रूप. त्यांचा जन्म १९३७ चा, जपानी आक्रमणाच्या वर्षातला. आता गंमत अशी, की हे अर्थ एकमेकांना ढकलून देत नाहीत. आपल्याकडे सुमन म्हटलं की फूलही आणि चांगलं मनही, कोणता अर्थ धरायचा याची सक्ती नाही. तसंच मुलीचं नाव आय-ह्वा असेल तर शेजाऱ्याला ती देशभक्त घरातली वाटते, आणि आजीला फुलांची आवड असलेली. राजकीय वारे बदलले, की नाव न बदलता अर्थ बदलता येतो.

हेच अक्षर आडनाव असतं तेव्हा सूर उतरता. इसवी सन २०८ च्या सुमाराला सेनानी त्साओ त्साओच्या हुकमावरून मारला गेलेला दंतकथा बनलेला वैद्य ह्वा थ्वो, आणि १९१० साली जन्मलेले गणितज्ञ ह्वा ल्वो-कंग ही त्यातली ठळक नावं. परक्यांना एकसारख्या वाटणाऱ्या नावांत आणखी एक घोटाळा आहे. डिस्नेच्या चित्रपटामुळे जगाला माहीत झालेली ह्वा मुलान या घराण्यातली नव्हे. तिचं आडनाव धाकट्या, बागेतल्या फुलाच्या अक्षराने लिहितात, आणि तेही मूळ काव्यात नाही. सोळाव्या शतकात शू वेई या नाटककाराने ते तिला दिलं.

माओंनंतर चीनचं नेतृत्व करणारे ह्वा क्वो-फंग हे तर जन्माने ह्वा नव्हतेच. त्यांचं मूळ नाव सू चू. जपानविरोधी लढ्यात सामील झाल्यावर त्यांनी नवं नाव घेतलं, ते ‘चीनचं जपानविरोधी, देश वाचवणारं अग्रदल’ अशा अर्थाच्या एका संघटनेच्या लांबलचक नावातली तीन अक्षरं उचलून : ह्वा, क्वो, फंग. देशाच्या नावातला ‘ह्वा’ असा आडनावाच्या जागी येऊन बसला आणि सूरही आडनावाचा झाला. कादंबरीकार यू ह्वा यांचं बरोबर उलटं. त्यांच्या वडिलांचं आडनाव ह्वा, आईचं यू. मुलाने आईचं आडनाव लावलं आणि वडिलांचं आडनाव व्यक्तिनाव म्हणून घेतलं. त्यांच्या नावात ना फूल आहे ना देश. आहेत ते फक्त आई आणि वडील.

परदेशी नावं चिनीत लिहिताना हे अक्षर आवाजासाठीही वापरतात, आणि तिथे अर्थ शोधायला गेलात तर फसगत होते. वॉशिंग्टनची सुरुवात याच अक्षराने होते. तापमापकवाला फॅरनहाइटही याच अक्षराने सुरू होतो आणि मग चिनी रिवाजाप्रमाणे पहिल्या अक्षराला आडनाव समजून त्याचं एकक ‘ह्वा-शी’ म्हणजे ह्वा आडनावाच्या गृहस्थांचं होतं. जपानी लोकांनी तर त्याच्या रेघांशीच खेळ केला. पारंपरिक रूप सुटं केलं तर त्यात दहा या आकड्याची खूण सहा वेळा आणि एकची खूण एकदा काढता येते, म्हणून एकसष्टीला ते ‘काकोऽ’ म्हणतात, त्यातला ‘का’ म्हणजे हेच अक्षर.

मराठी वाचकाने हे अक्षर जिथे थांबून पाहावं ती जागा मात्र वेगळी आहे. सप्टेंबर १९३८ मध्ये काँग्रेसने चीनच्या मदतीसाठी पाच डॉक्टरांचं पथक मुंबईहून रवाना केलं. पथकप्रमुख मदन अटल, नागपूरचे चोळकर, कलकत्त्याचे बसू आणि मुखर्जी, आणि सर्वांत तरुणांपैकी एक, सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. हे पथक चुंगकिंगला असताना शांतिनिकेतनच्या चीन भवनाचे तान युन-शान त्यांना भेटले. रवींद्रनाथांच्या बोलावण्यावरून भारतात आलेले हे प्राध्यापक चिनी काव्यशास्त्रात मुरलेले होते. त्यांनी पाचही जणांना चिनी नावं दिली. रीत अशी ठेवली की मूळ आडनावातले एक-दोन उच्चार घ्यायचे आणि शेवटी सर्वांना ‘ह्वा’ जोडायचं, चीनसाठी आलेले म्हणून.

त्यातून काय काय झालं पाहा. अटल झाले आय-तहह्वा. योगायोग असा की चिनी भाषेत एडवर्ड हे इंग्रजी नाव लिहायची रूढ पद्धतही अक्षर न् अक्षर हीच आहे. ब्रिटिश राजवटीविरुद्ध लढणाऱ्या काँग्रेसचा माणूस कागदावर एडवर्ड ठरला! बसू झाले पा सूह्वा. चोळकर आणि मुखर्जी यांची आडनावं चिनीतही वेगळी, ज्वो आणि मू, पण व्यक्तिनाव दोघांचं एकच : खह्वा. ही सगळी नावं चालण्याजोगी होती. कोटणिसांचं मात्र जमून गेलं.

‘कोटणीस’मध्ये आपल्याला ऐकू येतो तो ‘नीस’, म्हणजे फारसी ‘नवीस’, लिहिणारा. फडणीस, चिटणीस, पोतनीस या मंडळींचा भाऊबंद. चिनी नावात हा लेखनिक पूर्ण गळाला. राहिले ‘को’ आणि ‘ट’. ‘को’साठी तान यांनी जे अक्षर घेतलं ते खरंखुरं चिनी आडनाव आहे. मानक चिनीत त्याचा उच्चार ‘के’सारखा, पण तैवानमधले राजकारणी को वेन-जे यांच्या इंग्रजी नावात जुना ‘को’ अजून दिसतो. कॉनन डॉइलच्या ‘कॉ’साठीही चिनी लोक तेच अक्षर वापरतात. ‘ट’साठी घेतलेलं अक्षर ‘दी’, हे एका फुलझाडाचं नाव. त्यापुढे ‘ह्वा’. पूर्ण नाव के दीह्वा.

आता ‘दी’ आणि ‘ह्वा’ शेजारी आले की चिनी अभिजात साहित्य वाचलेल्या माणसाच्या मनात काय होतं? ‘शी-चिंग’ हा चीनचा सर्वांत जुना काव्यसंग्रह, इसवी सनापूर्वी सहाव्या शतकापर्यंतच्या रचनांचा. त्यातलं एक प्रसिद्ध काव्य या दी झाडाच्या बहरानेच सुरू होतं, आणि त्याचा विषय आहे भाऊ. मृत्यूचं भय असो की संकट, धावून येतो तो भाऊ. मित्र फार तर उसासे टाकतात, असा त्याचा आशय. त्या काव्यामुळे ‘दीह्वा’, दी झाडाचा बहर, हा शब्द चिनी साहित्यात भावाभावांच्या नात्याचाच वाचक होऊन बसला. शेकडो वर्षं कवींनी आणि पत्रलेखकांनी तो त्याच अर्थाने वापरला आहे. म्हणजे चीनसाठी म्हणून जोडलेलं शेवटचं अक्षर इथे आधीच्या अक्षराशी जुळून पुन्हा फूल झालं, आणि फूल झाल्यामुळे भाऊ. सोलापूरच्या आडनावातला एक ‘ट’ यापेक्षा चांगल्या कामी आला नसता. माझं मत विचाराल तर तान यांच्यासारख्या व्युत्पन्न माणसाच्या हातून हे नकळत झालं असण्याची शक्यता फार कमी. पण नाव वाचणाऱ्याला हेतूचा पुरावा लागत नाही.

पुढची हकिगत आपल्याकडे शांतारामबापूंच्या १९४६ च्या चित्रपटामुळे घरोघरी गेली. कोटणीस १९३९ मध्ये कम्युनिस्टांचं ठाणं असलेल्या येनआनला पोहोचले, नंतर आघाडीवर गेले, जानेवारी १९४१ मध्ये बेथून आंतरराष्ट्रीय शांती रुग्णालयाचे संचालक झाले. त्या रुग्णालयाला ज्यांचं नाव दिलं त्या कॅनडाच्या नॉर्मन बेथून यांचंही चिनी नाव असंच अर्थपूर्ण आहे, पाय च्यू-अन. पण त्यात ‘ह्वा’ नाही. १९४१ च्या नोव्हेंबरात कोटणिसांनी परिचारिका क्वो छिंग-लान यांच्याशी लग्न केलं. ९ डिसेंबर १९४२ ला अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले, बत्तीस वर्षांचे असताना.

१९५६ साली चीन सरकारने लिपी सोपी केली. ‘ह्वा’च्या डोक्यावरचं गवत गेलं, लवलेला बहर गेला. उरल्या सहा रेघा : वर ध्वनी दाखवणारं ‘बदलणे’चं अक्षर, खाली दहाच्या आकड्याचा क्रूस. गंमत म्हणजे फुलाच्या धाकट्या अक्षरातही तोच ध्वनिघटक आहे, पण तिथे गवत शाबूत ठेवलं. तैवान आणि हाँगकाँगमध्ये जुनं रूप चालू आहे. चीनमधल्या मुलांना कोटणिसांच्या नावातलं फूल डोळ्यांना दिसत नाही. ते त्यांना शिक्षकाने सांगावं लागतं.

कोटणीस गेले तेव्हा त्यांचा मुलगा साधारण साडेतीन महिन्यांचा होता. त्याचं नाव सेनानी न्ये रोंग-चन यांनी ठेवलं : यिन-ह्वा. ‘यिन’ म्हणजे ‘यिन्दू’, भारत, याचं पहिलं अक्षर. एरवी त्याचा अर्थ शिक्का किंवा मोहोर. ‘ह्वा’ म्हणजे चीन. इथे फुलाला वाव नाही, नाव सरळ दोन देशांचं आहे. त्याच्यापुढे आडनाव लागलं ‘के’. कोटणिसांच्या पहिल्या उच्चारासाठी घेतलेलं अक्षर अशा रीतीने चीनमध्ये खरोखर वडिलांकडून मुलाकडे गेलं. के यिन-ह्वाने वडिलांसारखंच वैद्यकीय शिक्षण घेतलं आणि ते पुरं होत आलं असताना १९६७ साली तो वारला. आडनावाची ती शाखा तिथे थांबली.